आपल्या गांवची आगगाडी

आगगाडीचें आकर्षण वाटत नाहीं असें मूल विरळाच. जमिनीवर खडूनें दोन समांतर रेघा ओढून त्यांवरून काड्यापेट्यांचे डबे ढकलणारा बालक आणि घराच्या माडीवर विजेवर चालणारी लहानशी रेल्वे मांडून बसणारा प्रौढ गृहस्थ, हे दोघे वस्तुतः एकाच छंदाचे उपासक होत. पाश्चात्त्य देशांत या छंदानें शंभर वर्षांहून अधिक काळ मूळ धरिलें आहे. जर्मनींतील मेर्कलिन कंपनीनें १८९१ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत रुळांसह खेळण्यांतली रेल्वे मांडली. इंग्लंडांत फ्रँक हॉर्नबी यांनीं १९२० सालीं आपल्या गाड्या विक्रीस आणिल्या. आणि आतां आपल्याकडील मोठ्या शहरांच्या दुकानांतूनही असे संच मिळूं लागले आहेत. परंतु या छंदाचा खरा लाभ कशांत आहे, आणि वसई-विरारच्या मुलांनीं तो कसा करून घ्यावा, याविषयीं फारसा विचार झालेला दिसत नाहीं. तो व्हावा एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

विकतच्या संचाबरोबर जो देखावा येतो तो बहुधा परक्या मुलखाचा असतो. बर्फानें आच्छादिलेला डोंगर, त्याच्या पोटांतून जाणारा बोगदा, उतरत्या छपरांचीं लांकडी घरें, सूचीसारख्या पानांचे वृक्ष, हें सारें पाहण्यास रमणीय आहे यांत शंका नाहीं. तथापि तें ज्यानें मांडिलें त्याच्या पायांस त्या मातीचा स्पर्श कधींच झालेला नसतो. छप्पर इतकें उतरतें कां, झाड याच जागीं कां, असें त्यास कोणीं विचारिलें तर डब्यावरील चित्रांत तसें आहे, याहून निराळें उत्तर त्याजपाशीं नसतें. मूळ गांव त्यानें पाहिलेलें नाहीं, आणि चित्र काढणाऱ्यानेंही तें पाहिलें असेलच असें नाहीं. मग ही नकलेची नक्कल ठरते. आमचें मत असें आहे कीं, ज्यास आगगाडीची प्रतिकृति करावयाची असेल त्यानें ती आपल्या गांवाची करावी, कोणत्या तरी एका निश्चित वर्षाची करावी, आणि ती खरी करावी. या तीन गोष्टी पाळिल्या म्हणजे खेळणें हें केवळ खेळणें राहत नाहीं. त्याचा एक दस्तऐवज होतो.

हा छंद कोठवर जाऊं शकतो हें ज्यास प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यानें पुण्यास कोथरूड भागांतील लघुरेल्वेचें संग्रहालय अवश्य पाहावें. भाऊ जोशी यांच्या दीर्घ परिश्रमांतून तें उभें राहिलें आणि १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. तेथें एक संपूर्ण चिमुकलें शहर वसविलेलें आहे, आणि त्यांतील गाड्यांचें व सिग्नलांचें चलनवलन पाहून मनुष्य थक्क होतो. परंतु तें शहर कल्पनेंतलें आहे. आम्ही जी गोष्ट सुचवीत आहों तींत कल्पनेस थोडी कमी आणि निरीक्षणास अधिक जागा आहे.

कोणी म्हणेल, असलीं कामें आपल्या परंपरेंत नाहींत. हा समज मुळींच खरा नव्हे. दिवाळीच्या सुटींत महाराष्ट्रांतील मुलें अंगणांत मातीचा किल्ला रचितात. त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवितात, पायथ्याशीं विहीर खणितात, बुरुजावर मातीचे मावळे उभे करितात. आणि जे मूल चोखंदळ असतें तें असाच कोणता तरी किल्ला न करितां रायगड किंवा सिंहगड करितें, व दरवाजा कोणत्या अंगास आहे याची मोठ्या माणसांजवळ चौकशी करितें. नाताळांत वसईच्या आळीआळींतून गव्हाणीचे देखावे होतात. कागदाला रंग देऊन त्याचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचें तळें, गवतानें शाकारलेला गोठा, वाट, पूल, मेंढरें, हें सर्व आपलीं मुलें आपल्या हातांनीं करीत आलीं आहेत. दूर उभें राहून पाहिलें असतां लहान वस्तु मोठी कशी भासवावी, ही विद्या त्यांस निराळी शिकवावी लागत नाहीं. तिच्यांत रूळ तेवढे घालावयाचे राहिले आहेत.

आतां परदेशांतील एक उदाहरण देतों, कारण त्यांत आमच्या म्हणण्याचें सार आहे. रॉय इंग्लंड नांवाचा एक तरुण १९२५ सालीं ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडांत आला. ऑक्सफर्डच्या जवळ व्हाइट हॉर्स नांवाचें एक खोरें आहे. तेथील गवती छपरांचीं जुनीं घरें त्यास अतिशय आवडलीं. परंतु तीं त्याच्या डोळ्यांदेखत पाडलीं वा बदललीं जात होतीं. तीं थांबविण्याचें सामर्थ्य त्याच्यांत नव्हतें. तेव्हां त्यानें तें खोरें लहान प्रमाणांत करून ठेवण्याचा निश्चय केला. खरें घर पाहावयाचें, मोजावयाचें, आणि मग पुठ्ठ्याचें तसेंच घर ७६ पट लहान करावयाचें, असा क्रम त्यानें आरंभिला. पुढें १९५४ सालीं लाँग विटनम या खेड्यांत पेंडन नांवाचें संग्रहालय स्थापन झालें, आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं तें काम पुढें चालविलें. तेथें सन १९२० ते १९४० च्या दरम्यानचें तें खोरें, त्यांतील शेतें, घरें आणि आगगाडी, आजही पाहावयास मिळतें. त्या देखाव्यांत गाडी धांवते. परंतु लोक जातात ते गाडीपेक्षां गांव पाहण्यास.

वाचकहो, असें एखादें खोरें आपणांस नाहीं काय? गुजराथेकडून येणारा बी. बी. सी. आय. रेल्वेचा लोहमार्ग १८६४ सालीं मुंबईस ग्रँटरोडपर्यंत येऊन पोहोंचला. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत दिवसाची एकच लोकल सुरू झाली. ती सकाळीं जाई आणि सायंकाळीं परत येई. त्या वेळच्या स्टेशनांच्या यादींत नालासोपाऱ्यास नीला, बोरीवलीस बोरेवला, अंधेरीस अंदारू अशीं नांवें आढळतात. त्याच यादींत पांजे हें एक स्टेशन आहे. हें पांजे म्हणजे वसईच्या खाडींतील पाणजू बेट. नायगांव आणि भाईंदर यांच्यामध्यें दोन पूल आहेत व त्या दोन पुलांच्या मध्यें हें बेट आहे. आज गाड्या त्यावरून रात्रंदिवस धांवतात, परंतु तेथें स्टेशन नाहीं. लोकलींतील हजारों प्रवाशांपैकीं किती जणांस ठाऊक असेल कीं, आपण ज्या भूमीवरून न थांबतां जात आहों तेथें एके काळीं गाडी थांबत असे?

आमच्या मतें पाणजूसारखी जागा प्रतिकृतीसाठीं शोधूनही सांपडणार नाहीं. दोन्ही टोकांस पूल असल्यानें देखाव्याचा आरंभ व शेवट निसर्गानेंच आंखून दिलेला आहे. मध्यें बेट, भोंवतीं चिखल, तिवरांची झुडपें, पलीकडे मिठागरें, आणि वर मोकळें आकाश. येथें बोगदा नाहीं, डोंगर नाहीं. म्हणून परक्या संचांतील युक्त्या येथें चालत नाहींत आणि स्वतःच्या युक्त्या शोधाव्या लागतात. ब्रॉडगेजवरील अतितीव्र वळणाचीही त्रिज्या सुमारें १७५ मीटर असते. शंभरपट लहान केलें तरी ती पावणेदोन मीटर होते. घरांत एवढी जागा कोठून मिळणार? परदेशी मनुष्य आपलें आंखूड वळण बोगद्यांत दडवितो. आपण काय करावें? दिसणारा भाग सरळ ठेवावा, आणि वळण ताडामाडांच्या दाट राईमागें न्यावें. वसईकरास हें सुचावयास वेळ लागूं नये.

येथें प्रमाणाचा एक प्रश्न उद्भवतो. तो गणिताच्या विद्यार्थ्यांनीं लक्षपूर्वक वाचावा. बाजारांत जे रूळ सर्वत्र मिळतात त्यांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असतें. ते परदेशांतील १४३५ मिलिमीटर रुंदीच्या लोहमार्गाची ८७ पट लहान केलेली प्रतिकृति होत. आपला ब्रॉडगेज मार्ग १६७६ मिलिमीटरांचा, म्हणजे साडेपांच फुटांचा आहे. त्यास ८७ नें भागिलें तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. म्हणून त्या प्रमाणाचा आपला डबा त्या रुळांवर ठेविला तर रूळ अरुंद आणि डबा बेढब दिसतो. परंतु आपण प्रमाणच शंभरास एक असें धरिलें तर? मग आपल्या मार्गाची रुंदी पावणेसतरा मिलिमीटर होते, आणि विकतचे रूळ अवघ्या पाव मिलिमीटरानें चुकतात. शिवाय हिशेब किती सोपा! जगांतील एक मीटर म्हणजे आपला एक सेंटिमीटर. लोकलचा डबा सुमारें २०.७ मीटर लांब आणि ३.६६ मीटर रुंद असतो. तो आपल्या टेबलावर २०.७ सेंटिमीटर लांब व ३.६६ सेंटिमीटर रुंद होतो. या प्रमाणांत तयार डबे बहुधा मिळणार नाहींत, तेव्हां ते पुठ्ठ्याचे करावे लागतील. आम्हांस ही अडचण वाटत नाहीं. हा लाभच वाटतो.

तथापि सर्वच कांहीं शंभरपट लहान करून भागत नाहीं. नायगांव ते भाईंदर हें अंतर साडेचार किलोमीटरांहून अधिक आहे. शंभराच्या प्रमाणानेंही तें ४५ मीटरांहून लांब होईल. शाळेच्या सभागृहांतही तें मावणार नाहीं. नऊ डब्यांची गाडी एक मीटर ८६ सेंटिमीटर लांब होते. पांच मीटरांची फळी असेल तर चारच डब्यांची गाडी शोभेल. सारांश, पुष्कळ सोडावें लागतें; आणि काय सोडावें हें ठरवितांना जें काय राखावें लागतें तेंच त्या जागेचें मर्म होय. पुलाचे सर्व गाळे करतां आले नाहींत तरी चालेल. परंतु पूल संपतांच एकाएकीं जमीन लागते तो क्षण आलाच पाहिजे. प्रत्येक झाड नको. परंतु ताड किती उंच आणि झोंपडी किती ठेंगणी, हें नातें बिघडतां कामा नये. ज्या विद्यार्थ्यास हा विवेक साधला त्याच्या निबंधांतही पाल्हाळ राहणार नाहीं.

दुसरी अट वर्षाची. एकाच देखाव्यांत वाफेचें इंजिन, विजेच्या तारा आणि बारा मजली इमारत अशी खिचडी करूं नये. बोरीवलीपर्यंत विजेची गाडी १९२८ सालीं आली व विरारपर्यंत ती १९३६ सालीं आली. म्हणून १९३० सालचा वसईचा देखावा करणाऱ्यानें तारांचे खांब रोवले तर तें असत्य होय. बोरीवली-विरार मार्ग २००७ सालीं चौपदरी झाला. त्यापूर्वीचें वर्ष घेतल्यास दोन मार्गांनीं काम भागतें. ज्यास १८६७ सालचें पांजे करावयाचें आहे त्यानें जुने नकाशे व वेळापत्रकें धुंडाळावीं. परंतु नवशिक्यानें, आमच्या मतें, आपल्या आजी-आजोबांच्या तरुणपणांतलें एखादें वर्ष निवडावें. कारण त्या वर्षाचे साक्षीदार अद्यापि आपल्या घरांत आहेत.

साक्षीदारांस प्रश्न कसे विचारावे हीही एक विद्या आहे. एक आजोबा सांगतील कीं चिंच फाटकाच्या उजव्या हातास होती. दुसरे सांगतील कीं डाव्या. यांत कोणी खोटें बोलत नाहीं. एकास विरारकडून येतांना चिंच आठवते, दुसऱ्यास मुंबईकडून परततांना. म्हणून, आपण त्या वेळीं कोठें उभे होतां, आणि तोंड कोणीकडे होतें, हें प्रथम विचारावें. आजोबांबरोबर आजीसही विचारावें. पहांटे भाजीच्या व फुलांच्या टोपल्या घेऊन मुंबईस जाणाऱ्या वसईच्या बायांनीं स्टेशन जितकें पाहिलें आहे तितकें कचेरींत जाणाऱ्या बाबूंनीं पाहिलेलें नाहीं. फलाटाची कोणती बाजू पावसांत गळे आणि पाणी पिण्याचा नळ कोठें होता हें त्याच सांगूं शकतील. तिघांच्या सांगण्यांत जें जुळेल तें घ्यावें, न जुळेल तें छायाचित्रांशीं व कागदपत्रांशीं ताडून पाहावें. मोजमाप मात्र फलाटावर उभें राहूनच करावें. डब्याची लांबी ठाऊक असली कीं फलाटाची लांबी डबे मोजून कळते. रुळांत उतरणें जिवावरचें आहे आणि कायद्यानेंही निषिद्ध आहे.

तिसरी अट सत्याची. आणि हीच सर्वांत कठीण. मनुष्याची स्मृति गोड असते. तिच्यांत खाडीचें पाणी निळें असतें, अंगणें स्वच्छ असतात, आणि गाडींत बसावयास जागा असते. वसईच्या खाडीचें पाणी मातकट असतें. तें निळें रंगवूं नये. चिखलाचा रंग देऊन त्यावर व्हार्निशाचे चार हात दिले तर तें हुबेहूब साधतें. ओहोटी दाखवावयाची कीं भरती, हें आधीं ठरवावें. केळीचीं पानें अखंड कापूं नयेत. वाऱ्यानें तीं फाटलेलीं असतात, म्हणून कात्रीनें त्यांच्या कडा चिराव्या. माडाच्या बुंध्यास तारेवर काथ्या गुंडाळावा. मिठागरांतील ढीग खऱ्या मिठाचे केल्यास पावसाळ्यांत त्यांस पाणी सुटेल आणि रूळ गंजतील, म्हणून तेथें संगमरवराची भुकटी घालावी. खरेपणासाठीं कधीं कधीं खरी वस्तु टाळावी लागते हेंही विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. आणि गर्दी? अलीकडच्या वर्षांतील स्टेशन करावयाचें असेल तर दारांत लोंबकळणारीं माणसें दाखविलींच पाहिजेत. रिकामी लोकल सुंदर दिसेल, परंतु ती विरारची लोकल नव्हे.

केवळ जुन्याचे गोडवे गाणें हा आमचा हेतु नाहीं. ज्या वाडींत बैल रहाट ओढीत असे तेथें पंप आला. त्यानें श्रम वांचले, आणि तें चांगलेंच झालें. परंतु रहाटाबरोबर त्या पाण्याची समजही गेली. पावसाचें पाणी सांठवून भोंवतालच्या विहिरी जिवंत राखणारीं बावखलें पुष्कळ ठिकाणीं बुजविलीं गेलीं, आणि तीं कोठें होतीं हें आतां तेथें राहणाऱ्यांसही सांगतां येत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. यांतील बहुसंख्य कुटुंबें बाहेरून आलेलीं आहेत. त्यांस येथील जुनें रूप ठाऊक नसणें हा त्यांचा अपराध नव्हे. त्यांस तें दाखविणें हें जुन्या रहिवाशांचें कर्तव्य होय. शंभर पानांचें पुस्तक वाचावयास सर्वांस सवड नसते. परंतु पांच मीटरांच्या फळीवर मांडिलेलें गांव दृष्टीस पडलें तर आठ वर्षांचें मूलही विचारील कीं, येथें पाणी होतें, तें आतां कोठें गेलें? हा प्रश्न मुलांनीं विचारावा अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनीं या छंदास पोरखेळ म्हणूं नये.

यावर दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार करूं. पहिला खर्चाचा. एक साधें इंजिन, थोडे रूळ आणि वीज नियमित करणारें यंत्र, एवढीच वस्तु विकत घ्यावी लागते. ती वर्गानें मिळून घ्यावी व वर्षानुवर्षें वापरावी. बाकीचें सर्व रद्दी पुठ्ठा, काथ्या, तार, चाळलेली बारीक खडी आणि डिंक यांचें होतें. विजेचें यंत्र मात्र घरीं जोडूं नये; तें तयारच घ्यावें. दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यास सोडून मुलें यांतच रमतील, अशी पालकांस भीति वाटेल. परंतु प्रमाण काढणें हें गणित नव्हे काय? सांध्यावर वीज कशी वळवावी हें पदार्थविज्ञान नव्हे काय? वर्ष निश्चित करणें हा इतिहास, मिठागरांची जागा निश्चित करणें हा भूगोल, आणि आजीचें सांगणें जसेंच्या तसें उतरून काढणें हा मराठीचा अभ्यास होय. याहून अधिक विषय एका टेबलावर मांडतां येतील असें आम्हांस वाटत नाहीं.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमची सूचना अशी आहे. येत्या मोठ्या सुटींत चारचार जणांनीं मिळून एकेक जागा निवडावी: कोणी पाणजू घ्यावें, कोणी नायगांवचीं मिठागरें, कोणी आपल्या आळींतलें फाटक, कोणी विरारचा फलाट. वर्ष ठरवावें आणि तें फळीच्या कडेवर ठळक अक्षरांत लिहावें. ज्यांनीं आठवणी सांगितल्या त्यांचीं नांवें त्यांच्या संमतीनें त्याखालीं लिहावीं. प्रदर्शनाच्या दिवशीं त्यांस हात धरून आणावें आणि पहिली गाडी त्यांच्या हातून सुरू करवावी. कांहीं तरी चुकलें आहे असें ते खचित म्हणतील. तें चुकलेलें दुसऱ्या दिवशीं सुधारावें. मात्र हें काम पुढच्या वर्षावर टाकूं नये, कारण पुठ्ठा पुढच्या वर्षींही मिळेल. सांगणारीं माणसें मिळतीलच असा भरंवसा नाहीं.